रोजचा तोच मजकूर पाच बटणांत : इनस्क्रिप्टवर काम करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरीच्या पेढीत ऑफिसचे काम आहे. पार्ट्यांना पत्रे, थकबाकीची स्मरणपत्रे, ट्रान्सपोर्टकडे बिल्टीची (माल पाठवल्याच्या पावतीची) चौकशी आणि मालकांच्या शिक्षणसंस्थेचा पत्रव्यवहार, सगळे एकाच टेबलावर. मराठी इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीच्या मानक कीबोर्ड-मांडणीवर), इंग्रजी नेहमीच्या कीबोर्डवर. तीच वाक्ये रोज पुन्हा पुन्हा टाइप होतात. लहानशी खूण टाइप केली की पूर्ण मजकूर उमटतो, असे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? आणि ‘मराठीत हे चालत नाही’ म्हणतात, ते खरे का?

खरे नाही. मराठीत उत्तम चालते. पण इंग्रजी कीबोर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला सल्ला इनस्क्रिप्टवर जसाच्या तसा उचलला की पहिल्याच दिवशी फसतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी खुणेबद्दल सांगतो, कारण सगळी गडबड तिथेच होते.

खुणेची सुरुवात अर्धविरामाने, कोलनने किंवा तिरप्या रेघेने करा असे सगळीकडे सांगितलेले असते. इनस्क्रिप्टवर अर्धविरामाच्या बटणावर ‘च’ आहे, शिफ्ट धरले की ‘छ’. तिरप्या रेघेच्या बटणावर ‘य’ आहे. म्हणजे मराठी चालू असताना ही चिन्हे हाताखाली नाहीतच. खूण टाइप करायला आधी कीबोर्ड बदला, मग परत या. यात वाचलेला वेळ गेला. स्वल्पविरामाचे बटण मात्र दोन्ही कीबोर्डवर स्वल्पविरामच देते, आणि लागोपाठ दोन स्वल्पविराम व त्याला चिकटून अक्षर असे नेहमीच्या मजकुरात कधी येत नाही. म्हणून प्रत्येक खूण दोन स्वल्पविरामांनी सुरू करा आणि पुढे दोन अक्षरे ठेवा.

ती दोन अक्षरे साधी निवडा. काना-मात्रा नको, जोडाक्षर नको. सॉफ्टवेअर खूण ओळखते तेव्हा आधी ती पुसते, म्हणजे जितकी अक्षरे मोजली तितक्या वेळा बॅकस्पेस पाठवते. आपल्याला ‘क्ष’ एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत. शिवाय इनस्क्रिप्टवर ज्ञ, त्र, क्ष, श्र हे आकड्यांच्या ओळीतून शिफ्टसह एकाच बटणात येतात. एक बटण, तीन तुकडे, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची बॅकस्पेसची तऱ्हा वेगळी. मोजणी चुकली की खुणेचे शेपूट मागे राहते किंवा आधीच्या शब्दाचे शेवटचे अक्षर खाल्ले जाते. ‘,,पत’ चालेल, ‘,,पत्र’ नको.

आता एक उदाहरण जवळून पाहू. तुमच्या कामात हे नाव सतत येत असणार :

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, सोलापूर

इनस्क्रिप्टवर मोजले तर हे ५५ बटणांचे काम आहे, आणि त्यात ण, श, अ, ळ, ठ यांच्यासाठी पाच वेळा शिफ्ट. ‘,,वप’ आणि स्पेस म्हणजे पाच बटणे. दर वेळी ५० वाचली. दिवसात वीस वेळा हे नाव आले तर एकट्या या ओळीत हजार बटणे वाचतात. पण माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे : नाव प्रत्येक पत्रात एकसारखे आणि शुद्ध जाते. कुठे ‘अहिल्याबाई’, कुठे ‘पुण्यशोल्क’ अशी पत्रे बाहेर जाणे ऑफिसला शोभत नाही.

कोणत्या मजकुराला खूण करायची हे बसल्या जागी ठरवू नका. एक आठवडा टेबलावर कागद ठेवा. तिसऱ्यांदा टाइप करावी लागलेली प्रत्येक ओळ त्यावर लिहा. आठवड्याअखेर जेमतेम पंधरा-वीस ओळी निघतील. तेवढ्याच घ्या. पहिल्याच दिवशी शंभर खुणा करून ठेवल्या तर ऐंशी आठवत नाहीत, आणि उरलेल्या वीसही माणूस घाबरत वापरतो. सहसा यादीत पेढीचा पत्ता पिनकोडसह, जीएसटी नंबर, बँकेचा तपशील, ‘आपला विश्वासू’पासून खालचा भाग, टॉवेलचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) ६३०२, मापे, आणि थकबाकीच्या पत्राची चार वाक्ये येतात. मापांतले ‘×’ हे चिन्ह कीबोर्डवर नाही म्हणून लोक इंग्रजी एक्स ठोकतात. त्याला ‘,,गण’ अशी खूण दिली की ‘३० × ६०’ नीट छापले जाते.

आता सॉफ्टवेअर.

सगळे काम वर्डमध्येच होत असेल तर नवीन काही बसवू नका. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असे जा. ‘रिप्लेस’मध्ये खूण (जास्तीत जास्त ३१ अक्षरे), ‘विथ’मध्ये मजकूर (साधा मजकूर २५५ अक्षरांपर्यंत), मग ‘ॲड’. इथली सगळ्यात मोठी खोच अशी की ऑटोकरेक्टची यादी भाषेप्रमाणे वेगळी असते. खिडकीच्या माथ्यावर ‘ऑटोकरेक्ट : इंग्लिश’ असे दिसत असेल तर तुम्ही भरलेली खूण इंग्रजीच्या यादीत गेली, आणि मराठीत टाइप करताना ती उठणार नाही. ‘कधी चालते, कधी चालत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच असते. आधी मराठी कीबोर्ड चालू करा, कर्सर मराठी ओळीत ठेवा, दोन शब्द टाइप करा आणि मगच ही खिडकी उघडा. माथ्यावर ‘मराठी’ दिसले पाहिजे. मराठीची यादी ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस या फोल्डरमध्ये ‘एमएसओ ११०२’ नावाच्या फाइलीत राहते. संगणक फॉरमॅट करण्याआधी ती जपा.

लेटरहेडसारखा, टेबल असलेला किंवा दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर ऑटोकरेक्टमध्ये कोंबू नका. तो सिलेक्ट करून ऑल्ट आणि एफ-३ दाबा, नाव द्या. पुढे ते नाव टाइप करून एफ-३ दाबले की सगळा मजकूर फॉन्टसकट येतो. वर्ड बंद करताना बिल्डिंग ब्लॉक्स सेव्ह करायचे का असे विचारले तर ‘सेव्ह’च म्हणा, नाहीतर मेहनत गेली.

वर्डबाहेर, म्हणजे ईमेल, ब्राउझरमधले फॉर्म, व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेल, अशा सगळ्या ठिकाणी हवे असेल तर विंडोजवर ऑटोहॉटकी घ्या. मोफत आहे आणि खुल्या स्रोताचे आहे. लिनक्स किंवा मॅक असेल तर एस्पान्सो, तेही मोफत. तुमच्या कामाला ऑटोहॉटकी जास्त बरे, कारण एका ओळीत एक खूण लिहायची, बस्स.

आवृत्ती २ उतरवा आणि बसवा. डॉक्युमेंट्समध्ये नोटपॅडची नवीन फाइल करा. सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट एएचके लिहा आणि खालच्या ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा. आत असे लिहा :

::,,वप::पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, सोलापूर
::,,उस::ता. उत्तर सोलापूर, जि. सोलापूर
::,,दस::ता. दक्षिण सोलापूर, जि. सोलापूर

दोन कोलन, खूण, दोन कोलन, मजकूर. सेव्ह करून फाइलवर डबल क्लिक करा. घड्याळाशेजारी हिरव्या चौकोनात एच दिसला की चालू झाले. पुढे फाइलीत काही बदलले तर त्या एचवर राइट क्लिक करून ‘रीलोड’ म्हणावे लागते. हे विसरून लोक तासभर चूक शोधत बसतात. संगणक चालू होताच आपोआप सुरू व्हावे यासाठी विंडोज आणि आर दाबून ‘शेल’, कोलन, ‘स्टार्टअप’ हे सलग इंग्रजीत टाइप करा, आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये फाइलीचा शॉर्टकट ठेवा.

उत्तर आणि दक्षिण सोलापूरच्या खुणा मुद्दाम दाखवल्या. दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे दोन मजकूर असले की त्यांच्या खुणा बोटांना एकमेकींपासून लांब वाटल्या पाहिजेत. ‘उ’ शिफ्टसह जीवर आहे, ‘द’ ओवर, त्यामुळे चुकून एकाच्या जागी दुसरी पडत नाही. ‘,,तअ’ आणि ‘,,तब’ अशा खुणा केल्या असत्या तर अर्ज चुकीच्या तहसीलकडे जायला वेळ लागला नसता.

इंग्रजी मजकुरासाठी त्याच फाइलीत इंग्रजी अक्षरांच्या वेगळ्या खुणा करा. ऑटोहॉटकी त्या क्षणी चालू असलेल्या कीबोर्डप्रमाणे अक्षर वाचते, त्यामुळे इनस्क्रिप्ट चालू असताना इंग्रजी खूण उमटणारच नाही. पेढीच्या पत्त्याच्या मराठीत एक आणि इंग्रजीत एक अशा दोन खुणा हव्यात. हे सगळे इनस्क्रिप्टवर चालते, कारण तिथे बटण दाबताच अक्षर पक्के होते. विंडोजच्या मराठी फोनेटिकमध्ये (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायच्या कीबोर्डमध्ये) शब्द पुरा होईपर्यंत अक्षरे अधांतरी असतात, आणि खूण धड ओळखली जात नाही. फोनेटिक वापरणाऱ्या सहकाऱ्याने इंग्रजी कीबोर्ड चालू करून इंग्रजी खूण वापरावी. तिचा मजकूर मराठी असला तरी हरकत नाही.

आता कुठे कुठे अडते ते पाहू.

मजकुरात अधिक चिन्ह, उद्गारचिन्ह, हॅश किंवा महिरपी कंस असेल तर ऑटोहॉटकी त्यांना अक्षर न मानता बटण मानते : अधिक म्हणजे शिफ्ट, उद्गारचिन्ह म्हणजे ऑल्ट, हॅश म्हणजे विंडोजचे बटण. पत्त्यात ‘जी+२ इमारत’ लिहिले की अधिक चिन्ह गायब होते आणि पुढचे अक्षर शिफ्टसह जाते. उपाय सोपा आहे. ओळीच्या सुरुवातीच्या दोन कोलनांच्या मध्ये इंग्रजी टी लिहा. मग मजकूर जसाच्या तसा उतरतो. तसेच, स्पेसनंतर अर्धविराम आला तर त्यापुढचे सगळे टीप समजून सोडून दिले जाते. अर्धविराम आधीच्या शब्दाला चिकटवून लिहा. मराठीत तसाही तो तिथेच शोभतो.

खुणेनंतर स्पेस दाबावी लागते आणि ती मजकुराच्या शेवटीही उमटते. पत्त्यात चालते; पण जीएसटी नंबर किंवा खाते क्रमांक फॉर्ममध्ये भरताना शेवटची न दिसणारी स्पेस फॉर्म नाकारायला पुरेशी आहे. अशा खुणांना सुरुवातीच्या कोलनांमध्ये इंग्रजी ओ लिहा, म्हणजे शेवटची स्पेस गाळली जाते.

व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर वापरत असाल तर अनेक ओळींचा मजकूर तिथे घात करतो. ओळ बदलायला सॉफ्टवेअर एंटर पाठवते, आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एंटर म्हणजे ‘पाठवा’. पार्टीला ‘मा. महोदय’ एवढाच निरोप जातो, मग दुसरा, मग तिसरा. त्या खुणेतला टी काढा आणि ओळ बदलायच्या जागी अधिक चिन्ह व महिरपी कंसात एंटर असे लिहा. म्हणजे शिफ्ट-एंटर जाते आणि निरोप एकसंध राहतो.

काही वेबसाइटवर ठरावीक रकान्यात पेस्ट बंद केलेले असते. ऑटोहॉटकी एकेक अक्षर टाइप करते, म्हणून तिथे सहसा अडत नाही. एस्पान्सो लांब मजकूर क्लिपबोर्डवरून चिकटवते, त्यामुळे तिथे ते काहीच करत नाही. उलट, लांबच्या संगणकावर रिमोटने काम करताना ऑटोहॉटकीचा वेग झेपत नाही आणि मधली अक्षरे गळतात. त्या खुणेच्या कोलनांमध्ये के-३० आणि एस-ई हे दोन पर्याय इंग्रजीत लिहिले की बटणे जरा सावकाश जातात. आणखी एक : एखादा प्रोग्रॅम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालू असेल आणि ऑटोहॉटकी साधेपणाने, तर त्या प्रोग्रॅममध्ये खुणा मुळीच उठत नाहीत. विंडोज तसे होऊ देत नाही.

हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅममधल्या नॅरेशनसाठी (नोंदीखालच्या तपशिलासाठी) तर खुणेचीही गरज कमी. कंट्रोल आणि आर दाबले की त्याच प्रकारच्या मागच्या व्हाउचरचे नॅरेशन येते.

अक्षरे बिघडली तर कशी बिघडली ते बघा, कारण लगेच कळते. मराठीऐवजी डोक्यावर चिन्हे असलेल्या इंग्रजी ए-सारख्या अक्षरांची रांग आली तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगने वाचली जाते. यूटीएफ-८ करून पुन्हा सेव्ह करा. नुसती प्रश्नचिन्हे आली तर तो प्रोग्रॅम युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धत) घेत नाही. रिकामे चौकोन आले तर मजकूर बरोबर आहे, फॉन्ट बदला.

प्रश्नचिन्हांचा त्रास छपाईवाल्यांकडे होतो. लग्नपत्रिका आणि हँडबिले अजून कुठे कुठे पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होतात. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची, आणि ती युनिकोड जाणत नाही. तिथे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये काम चालते, म्हणजे फाइलीत खरे तर इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. अशा ठिकाणी युनिकोडच्या खुणा उपयोगाच्या नाहीत. त्याच प्रोग्रॅममध्ये मजकूर एकदा टाइप करून तिथून कॉपी केलेले संकेत वेगळ्या फाइलीत साठवा, आणि एका वेळी एकच फाइल चालू ठेवा.

शुद्धलेखनासाठीही हे साधन फार उपयोगी आहे, आणि याबद्दल जरा आग्रहाने सांगतो. ‘जिल्हाधिकाऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांनी’, ‘कर्मचाऱ्यांचे’ यांतला ऱ्य टाइप करायला इनस्क्रिप्टवर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेघेचे बटण लागते. शिफ्ट राहून गेले की ‘अधिकार्यांना’ होते, आणि सरकारी पत्रातही ते राजरोस दिसते. असे दहा-बारा पूर्ण शब्द ऑटोकरेक्टमध्ये चूक आणि बरोबर अशा जोड्यांनी भरून ठेवा. मात्र ‘र्यां’ दिसले की सरसकट ‘ऱ्यां’ करा असा नियम लावू नका. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि माणसे वेगळी आहेत. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही : हाच ऱ्य काही कीबोर्ड साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने तयार करतात. कागदावर दोन्ही एकसारखे, पण शोधताना वर्डला एक सापडतो आणि दुसरा नाही. कुणी पाठवलेल्या फाइलीतून मजकूर उचलून खूण करणार असाल तर ऱ्य असलेले शब्द स्वतःच्या हाताने पुन्हा टाइप करा.

थकबाकीच्या पत्रासारख्या मजकुरात दर वेळी बदलणाऱ्या जागा असतात. त्या रिकाम्या रेघेने दाखवू नका. छापील नमुन्यात रेघ असतेच, म्हणून डोळा तिला माफ करतो. असे लिहा :

आपले बिल क्र. @@ दि. @@ ची रक्कम रु. @@ अद्याप येणे बाकी आहे. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीप्रमाणे माल @@ गाठी आपणांस पोहोचला आहे. कृपया आठ दिवसांत रक्कम जमा करून कळवावे.

पत्र पाठवण्याआधी कंट्रोल-एफ करून ‘@@’ शोधायचे. एकही सापडला नाही तरच प्रिंट. रक्कम, बिल नंबर किंवा पार्टीचे नाव कधीही खुणेच्या मजकुरात ठेवू नका. मागच्या पार्टीची रक्कम पुढच्या पार्टीला जाण्याचा तो सरळ रस्ता आहे. तारखेचेही तेच. वर्डमध्ये ऑल्ट, शिफ्ट आणि डी दाबून टाकलेली तारीख पुढे आपोआप बदलते. तीन महिन्यांनी फाइल उघडली तर पत्रावर त्या दिवशीची तारीख दिसेल, आणि वाद झाला तर ऑफिस कॉपीचा उपयोग उरणार नाही. तारीख हातानेच टाका.

पासवर्ड, ग्राहकांचे आधार क्रमांक, ओटीपीसाठीचे नंबर या फाइलीत नकोतच. ती साधी मजकुराची फाइल आहे, कुणीही उघडून वाचू शकतो. हीच काळजी विंडोज आणि व्ही दाबून दिसणाऱ्या क्लिपबोर्डच्या इतिहासाबद्दल घ्या. त्यात शेवटच्या २५ गोष्टी राहतात, आणि सामाईक संगणकावर पुढच्या माणसाला त्या दिसतात.

सोलापुरात कामगारांची किंवा अक्कलकोटकडच्या पार्ट्यांची भाषा कन्नड किंवा तेलुगू असते. तिथेही खूण कामी येते. ‘उद्या कारखाना बंद राहील’ अशी ओळ त्या लिपीत एकदा जाणकाराकडून लिहून घेऊन साठवली की तो कीबोर्ड न शिकताही ती हवी तेव्हा टाकता येते. पण ज्याला ती लिपी वाचता येते त्याच्याकडून ती ओळ संगणकावर उमटलेल्या रूपात तपासून घ्या, लिहून दिलेल्या कागदावर नव्हे.

मोबाइलवर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये डिक्शनरी, पर्सनल डिक्शनरी, मग भाषा निवडून मजकूर आणि शॉर्टकट भरता येतो. तिथे मजकूर आपोआप बदलत नाही; वरच्या पट्टीत सुचवला जातो आणि त्यावर बोट ठेवावे लागते. पेढीचे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस असेल तर त्यातली क्विक रिप्लाय ही सोय जास्त सरळ आहे : तिरपी रेघ आणि शॉर्टकट टाइप करा, ५० पर्यंत उत्तरे साठवता येतात.

दोन संगणकांवर काम असेल तर ऑटोहॉटकीची फाइल ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये एकच ठेवा आणि ती बदलण्याचा हक्क एकाच माणसाकडे द्या. नवीन खूण झाली की नोटपॅड, वर्ड, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप या चारही ठिकाणी एकदा टाइप करून बघा, आणि मगच खुणांचा कागद नव्याने छापून मॉनिटरखाली चिकटवा.